गप्प बसणाऱ्यांचा होकार

आमच्या शहरात गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरतात, हे मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. हे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, आता नोटिसा वाचतात. दारात फुकट येऊन पडणारा स्थानिक पेपर बाकीचे लोक ओल्या बुटांखाली घालतात. हे तो शेवटच्या पानापासून वाचत येतात, कारण सिटी हॉलच्या जाहिराती शेवटच्या पानावर असतात. शहर म्हणजे कॅनडातलं, सरेच्या बाजूचं एक लहानसं शहर. नाव सांगत नाही. आमच्या महापौरबाईंना मराठी येत नसलं तरी त्यांच्या शेजारणीला येतं, आणि ती शेजारीण माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

जानेवारीतल्या एका सकाळी चहा तसाच ठेवून हे म्हणाले, "अगं, पार्कचा कोपरा जाणार."

"कुठे जाणार?"

"पार्किंगमध्ये."

मग मला सगळा कायदा ऐकावा लागला. शहराला बर्फावर हॉकी खेळायची नवीन आइस रिंक बांधायची आहे, तिला गाड्या लावायला जागा कमी पडते, म्हणून शेजारच्या पार्कचा एक कोपरा घ्यायचा. पण पार्कची जमीन मतदारांना विचारल्याशिवाय घेता येत नाही. इथवर मला पटलं. विचारायची पद्धत ऐकली आणि मी चहाची गाळणी खाली ठेवली. ज्याला पटत नसेल त्याने स्वतः फॉर्म मिळवायचा, त्यावर नाव-पत्ता-सही करायची आणि फेब्रुवारीअखेर सिटी हॉलला नेऊन द्यायचा. दर दहा मतदारांमागे एकाने तरी असा फॉर्म दिला, तर बेत थांबणार. नाही दिला, तर उरलेल्या सगळ्यांचा होकार. ज्याने नोटीस पाहिलीच नाही तोही हो म्हणाला, आणि जो हिवाळाभर ॲरिझोनात ऊन खात बसलाय तोही हो म्हणाला.

"म्हणजे गप्प बसलं की होकार?"

"एक्झॅक्टली," हे म्हणाले. एखादं यंत्र सुबक जमलं की इंजिनिअर लोकांचा चेहरा फुलतो, तसा ह्यांचा फुलला होता.

मला खरं तर नवल वाटायला नको होतं. माझं लग्न ठरलं त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "मुलीलाही विचारा की." मी पोह्यांच्या बशीकडे बघत गप्प होते. "लाजली!" म्हणून सगळे हसले आणि साखरपुड्याची तारीख निघाली. मी लाजले नव्हते. पोह्यांत मीठ घालायचं राहिलंय, हे मला त्याच क्षणी आठवलं होतं. पुढे संसार बरा झाला, ह्यांनी अळणी पोहेही निमूट खाल्ले, पण गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावायचा, या प्रकाराचा राग माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

आता त्या कोपऱ्यात काय आहे ते सांगायला हवं. पार्कच्या त्या टोकाला लाकडी फळ्यांनी आखलेले वाफे आहेत. शहर ते रहिवाशांना भाजीपाला लावायला देतं. त्यातला एक वाफा माईंचा. माई आमच्या गल्लीच्या टोकाला मुलाच्या बेसमेंटमध्ये राहतात. मूळच्या मिरजेच्या. यजमान गेले, मिरजेचं घर विकलं गेलं आणि मुलाने त्यांना इकडे आणलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. यथावकाश सिटिझनशिपही मिळाली. मुलगा-सून दिवसभर कामावर. नातवंडांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. माई जिन्याखालून विचारतात, "जेवलास का रे?" वरून आवाज येतो, "आय'म गुड, आजी." तो जेवला की नाही, हे माईंना आजवर कळलेलं नाही.

वाफ्यावर मात्र माईंचं राज्य. त्या त्याला "माझं रान" म्हणतात. दोन माणसं झोपतील एवढंच ते रान, पण त्यात मेथी, लाल माठ, कोथिंबीर आणि काठ्यांवर चढवलेला घेवडा. शेजारच्या वाफ्यावर एक पंजाबी बाबाजी, पलीकडे एक चिनी बाई. तिघांच्या भाषा तीन, तरी उन्हाळ्यात तिघांची तासन् तास चर्चा चालते आणि तीत माईंचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. बाबाजींनी कांदे दाटीने लावले म्हणून माईंनी त्यांना अस्सल मिरजेच्या मराठीत झापलेलं मी स्वतः ऐकलंय. बाबाजींनी "हांजी, हांजी" करत निम्मे कांदे उपटले. घरात काय शिजवायचं हे माईंना कुणी विचारत नाही, पण इथे बाबाजी त्यांना विचारल्याशिवाय मुळ्याचं बी टाकत नाहीत.

पार्किंगची बातमी मीच माईंना सांगितली. त्या पावसाच्या भुरभुरीत वाफ्यावर वाळका पाला पसरत होत्या. ऐकून त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "रान गेलं तर मी इथे कोण गं?" मी लगेच म्हटलं, "जात नाही तुमचं रान. मी बघते."

मी बघते, असं म्हणताना माणसाने जरा विचार करावा.

दुसऱ्या दिवसापासून मी फॉर्मची चळत घेऊन दारोदार हिंडू लागले. "लष्कराच्या भाकऱ्या," असं हे म्हणाले, पण फॉर्मच्या प्रती ह्यांनीच काढून दिल्या. इथले गोरे लोक नकारही गोड देतात. "ओह, थँक यू सो मच फॉर लेटिंग अस नो," म्हणत दार इतकं हळू लावतात की ते लागलं हे आपल्याला पायऱ्या उतरल्यावर कळतं. आपले लोक दार लावत नाहीत, उलट चहा देतात. "हो हो, नक्की. ठेवून जा ना, वाचते आणि देते." तो फॉर्म लगेच फ्रिजवर मॅग्नेटखाली जातो, आणि फ्रिजवर गेलेला कागद घर विकेपर्यंत तिथून हलत नाही. आमच्या गल्लीत हृदयाचे एक निवृत्त डॉक्टर आहेत. इथे येऊन त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "वहिनी, सरकारच्या विरुद्ध सही नको. आपण पडलो बाहेरचे." लोकांच्या छात्या उघडून आत हात घालणारा माणूस, पण सहीला घाबरला.

आठवडाभराने मोजायलाही लाज वाटावी एवढे फॉर्म जमले होते. आणि मग मला संक्रांत आठवली.

आमच्या बायका नोटिसा वाचत नाहीत, ईमेल उघडत नाहीत, पण संक्रांत ते रथसप्तमीमधलं एकही हळदीकुंकू चुकवत नाहीत. आलेली प्रत्येक बाई वाण घेऊन जाते. ह्या वर्षी वाणात चहाची गाळणी, आणि गाळणीत हरकतीच्या फॉर्मची सुरळी. बेत सांगितला तेव्हा ह्यांच्या हातातला पेपर खाली आला.

"सहीच्या बदल्यात वस्तू? अगं, ही लाच आहे."

"ती गाळणी आहे."

"गाळणीचीच लाच."

आणि मला न विचारता ह्यांनी सिटी क्लार्कला, म्हणजे निवडणुका आणि फॉर्म सांभाळणाऱ्या अधिकारी बाईंना, सविस्तर ईमेल लिहिली. दोन दिवसांनी त्या बाईंचा मलाच फोन.

"तुमच्या यजमानांनी लिहिलंय की तुम्ही सेरेमोनियल स्ट्रेनर्स वाटणार आहात," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "सही करणाऱ्यांना का?"

"येणाऱ्या सगळ्यांना."

"व्हाय?"

संक्रांतीला वाण का लुटतात हे मला आईने कधी सांगितलं नाही आणि मी मुलीला सांगितलेलं नाही. "बिकॉज दे कम," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. "एखादी बाई सही न करता स्ट्रेनर घेऊन गेली तर?"

"तर तिच्याकडे दोन होतील. तिच्याकडे एक असणारच आहे."

बाई हसल्या. भल्या होत्या. म्हणाल्या, "प्लीज, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा." तेव्हा तसं ठरलं. वर हॉलमध्ये हळदीकुंकू, खाली बेसमेंटमध्ये लोकशाही. वाण सगळ्यांना, सही ज्याची त्याने. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "सर्व महिलांना हळदीकुंकवाचं अगत्याचं आमंत्रण. येताना वाचायचा चष्मा आणावा." आधी अशा आमंत्रणात "सर्व सुवासिनींना" असं असायचं. ते बदलून "सर्व महिलांना" करावं, असा ठराव आमच्या मंडळात मीच मांडला होता. हरकत कुणाची आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं, कुणी बोललं नाही, मंजूर झाला.

हळदीकुंकवाच्या दिवशी धो धो पाऊस होता. दारात बुटांचा ढीग, पैठण्यांवर रेनकोट, आणि घरभर अत्तराचा वास. मी कुंकू लावायचे, तिळगूळ हातावर ठेवायचे आणि मोठ्याने सांगायचे, "वॉशरूम खाली आहे हं." वॉशरूम वरही आहे. पण बाई खाली गेली की तिथे हे टाय लावून टेबलाशी बसलेले, पुढ्यात पेनं, भिंतीवर पार्कचा नकाशा. इतक्या बायकांना एकेक करून पार्कचा कायदा समजावून सांगायला मिळाला, हा ह्यांच्या निवृत्तीतला सर्वांत सुखाचा दिवस असावा. खालून वर आलेली एक पोस्टडॉक करणारी मुलगी तर इतकी पेटली की तिने उभ्याउभ्या उखाणाच रचला:

"पार्किंगला देणार नाही बागेचा कोपरा,
अमुकरावांचं नाव घेते, आता पेन पुढे करा."

हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि त्या भरात उरलेल्याही खाली गेल्या. कॉलेजातल्या चार-पाच मुली आल्या होत्या, त्यांनी तर साबुदाणवडे खात खात सह्या केल्या. गाळण्या संपल्या. मला त्या दिवशी महापौरबाईंची अगदी कीव आली होती.

शेवटची पाहुणी गेल्यावर मी पदर कमरेचा सोडून सोफ्यावर बसले, तेवढ्यात हे गठ्ठा घेऊन वर आले. टाय सैल झाला होता.

"निम्म्याहून जास्त बाद."

"बाद म्हणजे?"

"तुझ्या मैत्रिणी या शहरात राहतच नाहीत. ही बर्नाबीची. ही लँगलीची. ह्या तिघी सरेच्या. उखाणेवाली कोक्विटलमची. आणि त्या कॉलेजातल्या मुली सिटिझनच नाहीत, त्यांना मत नाही."

मी डोक्याला हात लावला. मैलोन् मैल आणि दोन पूल ओलांडून बायका हळदीकुंकवाला येतात, याचा मला आयुष्यभर अभिमान होता. कुणाचं घर कुठल्या शहराच्या हद्दीत पडतं, हे हळदीकुंकू लावताना कोण बघतं? आमच्या नकाशात एकच गाव आहे, मराठी, आणि त्याची नगरपालिका नाही.

"आणि माईंचा फॉर्म कुठाय?" ह्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला. "त्या तर इथल्याच आहेत. त्यांच्यासाठी तर हे सगळं."

"त्या आल्याच नाहीत."

"बोलावलं होतंस?"

"ग्रुपवर टाकलं होतं ना. सर्व महिलांना."

"मग माई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या. म्हणून मी धरून चालले की त्यांना..."

मी तिथेच थांबले. हेही काही बोलले नाहीत. वाद जिंकला की पुढे बोलायचं नाही, हा ह्यांचा मोठा गुण आहे, आणि त्या दिवशी तो मला अजिबात सहन झाला नाही.

सकाळी मी माईंकडे गेले. हातात फॉर्म आणि तिळगुळाची डबी. कुंकवाचा करंडा न्यावा की नाही यावर घरातून निघताना तीनदा मत बदललं आणि शेवटी तो पर्समध्ये टाकून वरून चेन लावली. माई बेसमेंटच्या खिडकीखाली बसून ताटात घेवड्याचं बी निवडत होत्या.

"ये. बरेच फॉर्म बाद झाले म्हणे," त्या म्हणाल्या. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"माई, तुम्ही काल आला नाहीत."

"तू बोलावलं नाहीस."

"ग्रुपवर टाकलं होतं की."

"सिटीनेसुद्धा पेपरात टाकलंच होतं. शेवटच्या पानावर. त्यावरून तू गल्लीभर थयथयाट केलास."

मी कोंडीत सापडले. तरी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. अवघडल्यासारखं होईल, म्हणून..."

"नसतंच आवडलं," माई म्हणाल्या. त्यांनी एक किडका दाणा वेगळा काढला. "मी नाहीच म्हटलं असतं. मला ती गर्दी सोसत नाही, आणि तुमचे ते उखाणे तर नकोच. पण विचारायचं होतंस की गं. नाही म्हणायलासुद्धा माणसाला आधी कुणी विचारावं लागतं."

मला रडू आलं. लाजेने आलं, आणि ते लपवता आलं नाही. मंडळात ठराव मांडणारी बाई मी, आणि गल्लीच्या टोकाला जाऊन एक दार वाजवणं मला जमलं नव्हतं.

"रडू नको," माई म्हणाल्या. "तिळगूळ ठेव इथे. पर्समध्ये आहे ते राहू दे पर्समध्येच. आणि फॉर्म काढ. किती आहेत तुझ्याकडे?"

त्यांनी आधी स्वतःची सही केली. ती मराठीत, वळणदार, सावकाश. मग नातवाचं जुनं हॉकीचं जॅकेट नऊवारीवर चढवलं, पायात बूट घातले आणि म्हणाल्या, "चल."

पहिल्या दारात मी नेहमीसारखी "हाय, वुई आर युअर नेबर्स" म्हणून सुरुवात केली, तर माईंनी मला कोपराने मागे सारलं. "तू बोलतेस म्हणून ते दार लावतात. तू आपली गप्प ऱ्हा." मग त्या पुढे झाल्या. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात पेन, आणि तोंडातून एक शब्द नाही. नुसत्या बघत राहिल्या. दारातल्या बाईने "कॅन आय हेल्प यू?" विचारलं, माई गप्प. बाईने माझ्याकडे बघितलं, मीही गप्प. पावसात भिजणाऱ्या म्हातारीसमोर दार लावायची कुणाची छाती होते? तिने फॉर्म घेतला, वाचला आणि सही केली.

पुढच्या दिवसांत हेच चाललं. माईंच्या मौनाचा जोर असा की माझ्या सगळ्या इंग्रजीचं काम त्यांनी बंद पाडलं. एका घरासमोर अवाढव्य ट्रक उभा होता. दारात तसाच अवाढव्य माणूस आला. "व्हॉट्स धिस फॉर?" म्हणून गुरगुरला. माई एकच शब्द बोलल्या, "गार्डन." त्याचा चेहरा बदलला. "ओ माय गॉड, यू आर द गार्डन लेडी! हनी, इट्स द येलिंग लेडी!" रोज संध्याकाळी कुत्रा फिरवताना त्याने बाबाजींना माईंच्या शिव्या खाताना बघितलं होतं. त्याच्या बायकोने सही केली, सासूनेही केली, आणि कुत्रा फिरवणाऱ्या सगळ्या मंडळींना तो फॉर्म वाटेन म्हणाला. आणि वाटलेही. डॉक्टरांच्या दारात माईंनी मराठीचे दोन शब्द खर्चले. "डॉक्टर, सही." डॉक्टरांनी केली. त्यांच्या हृदयाचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक.

सिटी हॉलच्या काउंटरवर गठ्ठा दिला तेव्हा त्याच क्लार्कबाई होत्या. त्यांनी माईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "नो स्ट्रेनर्स?"

"नो स्ट्रेनर्स," मी शपथेवर सांगितलं.

मार्चमध्ये निकाल लागला. कुत्रेवाले, पार्कात मुलांना फुटबॉलला आणणारे आईबाप, बाबाजींच्या गुरुद्वारातली मंडळी, सगळ्यांचे फॉर्म मिळून दहातल्या एकाची अट पुरी झाली होती, तीही काठावर. आता नगरसेवकांपुढे दोन रस्ते होते. एक तर हा प्रश्न मतपत्रिकेवर घालून साऱ्या शहराचं मत घ्यायचं, नाही तर बेत गुंडाळायचा. ऑक्टोबरात त्यांचीच निवडणूक. स्वतःच्या नावाशेजारी मतपत्रिकेवर माईंचा वाफा कुणाला हवा होता? सभेला आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो होतो. महापौरबाईंनी फार गोड भाषण केलं. हा कोपरा त्यांना किती प्रिय आहे, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी विचारलं, बेत मागे घ्यायला कुणाचा विरोध? कुणी बोललं नाही. "कॅरीड!" म्हणजे मंजूर.

"बघ, गप्पच बसले सगळे," हे माझ्या कानात कुजबुजले.

त्यानंतर वाफ्यांवर उमेदवारांची रीघ लागली. एकाने तर माईंच्या मेथीची जुडी छातीशी धरून फोटो काढला. त्याच्या हातात मेथी नव्हती, तण होतं. माईंना दिसत होतं, पण त्यांनी त्याला सांगितलं नाही.

मग मे महिन्यात सिटी हॉलकडून एक प्लॅनर आली. तरुण मुलगी, हातात टॅब्लेट. एवढं सगळं झाल्यावर या कोपऱ्याचं काय करावं, हे तो वापरणाऱ्यांनाच विचारायचं ठरलं होतं. बाबाजींनी सांगितलं, बसायला बाक हवं. चिनी बाईने फोनवर भाषांतर करून दाखवलं, सावली हवी. मग ती माईंकडे वळली. भाषांतराला मी होतेच.

"माई, ती विचारतेय, तुम्हाला इथे काय हवं?"

माई खुरपं हातात धरून गप्प उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

"मला?" त्या म्हणाल्या.

"हो, तुम्हालाच."

परत गप्प. चारचौघांना दरडावणारी बाई, नुसती खुरप्याची माती बोटाने काढत राहिली. मुलगी जरा थांबली आणि समजूतदारपणे म्हणाली, "दॅट्स ओके. आय'ल पुट डाऊन नो कॉमेंट." माझंही तोंड उघडलं होतं. आहे तसंच राहू दे म्हणतात त्या, असं मी सांगणारच होते. तेवढ्यात माईंनी मातीने भरलेला हात माझ्या मनगटावर ठेवला.

"थांब गं. तुला काय हवं, असं कधी कुणी विचारलंच नाही, ना माहेरी, ना सासरी, ना इथे. मला सुचेना झालंय. जरा थांबायला सांग तिला."

"शी नीड्स अ मिनिट," मी म्हटलं.

मुलगी टॅब्लेट मांडीवर ठेवून वाफ्याच्या फळीवर बसली. बाबाजी पाण्याचा झारा खाली ठेवून थांबले. आम्ही सगळे थांबलो. माई आधी मेथीकडे बघत होत्या, मग पार्कच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नळाकडे, जिथून त्या इतकी वर्षं बादल्या वाहून आणत होत्या.

"नळ," त्या म्हणाल्या. "नळ जवळ हवा."

मी इंग्रजीत सांगितलं. मुलीने लिहून घेतलं, मान वर केली आणि विचारलं, "एनीथिंग एल्स?"

मी माईंना तेही सांगितलं. माईंनी खुरपं बाबाजींच्या हातात दिलं आणि पदर खोचला.